उत्तर येईपर्यंत

"नवव्यांदा परत आलं," कर्नल रिकामा डबा ओट्यावर ठेवत म्हणाले.

"आता काय म्हणे?" बायकोने विचारलं.

"चारशे बाराव्या ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटलीय."

"मग सुटलीच असेल." तीस वर्षं शाळेत वह्या तपासून ती निवृत्त झाली होती. तिचा जीव नेहमी तपासणाऱ्याच्या बाजूने.

कर्नल सैन्यातले नव्हते. ते हवामान कचेरीत प्रोग्रामर होते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात आणि यांचं काम कर्नेलशी, एवढंच कानावर पडलं आणि फाटकावरच्या रखवालदाराने टाचा जुळवून सलाम ठोकला. त्याचा गैरसमज दूर करायचा यांना धीर झाला नाही. पुढे सगळी कचेरीच त्यांना कर्नल म्हणू लागली.

कचेरीतल्या ढगांच्या छायाचित्रांच्या फायली चाळीस यंत्रांवर तुकड्यातुकड्यांनी साठवलेल्या असत. त्या जणू आपल्याच संगणकात आहेत असं भासवणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, कर्नलांनी बावीस वर्षं सांभाळला होता. पण तो राहायचा कर्नेलच्या बाहेर, भाडेकरूसारखा. कर्नेलची नवी आवृत्ती आली की तो मोडायचा, आणि कर्नल आठवडाभर डोकं धरून बसायचे. तो एकदा कर्नेलमध्येच सामील झाला असता, तर कर्नेल बदलणाऱ्यालाच त्याचीही दुरुस्ती करावी लागली असती; त्याची काळजी साऱ्या जगाने घेतली असती. कर्नलांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं, आणि त्यांच्यामागे तो कोड समजणारं कचेरीत कुणी नव्हतं.

सामील करून घ्यायचं की नाही, हे ठरवणारी बाई दूर कुठल्याशा देशात होती. पाठवलेला कोड चुका दाखवून परत धाडायची ती तीच. कर्नलांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. घरात तिचा उल्लेख नुसता 'ती' असा होई. शेजारणीला त्यावरून भलतीच शंका आली होती.

"जागा पुसली की झालं ना?" बायको म्हणाली.

"खरी मेख पुढे आहे. एखादं यंत्र गप्प बसलं, तर आपला क्लायंट त्याच्या उत्तराची वाट पाहतो."

"किती वेळ?"

"उत्तर येईपर्यंत."

"आणि आलंच नाही तर?"

"तर... पाहतो."

"आणि माणसाने मध्येच, पुरे, थांब, असं म्हटलं तर?"

"ऐकत नाही."

"बरोबर आहे तिचं," बायको म्हणाली. "आणि माझी दुकानाबाहेर पाच मिनिटं वाट पाहवली नव्हती तुम्हाला!"

पण वाट पाहायला लावणारी ती ओळ कर्नलांच्या जुन्या साहेबांची होती. क्लायंटची सुरुवात साहेबांनी केली होती आणि कर्नलांना काम शिकवलं होतं तेही त्यांनीच. अर्धवट फाइल देण्यापेक्षा अखंड वाट पाहावी, असं मोठं तत्त्व कर्नलांना त्या ओळीत दिसे. एकदा पाहुण्यांसमोर संचालकांचा संगणक तासभर गोठला, तेव्हा कर्नलांनी सगळ्यांना उभ्या उभ्या संयमावर व्याख्यान दिलं होतं.

रविवारी सकाळी ते साहेबांकडे गेले. साहेब आता ब्याऐंशीचे. गॅलरीत बसून नखं कापत होते.

"साहेब, तुमची एक ओळ बदलावी म्हणतो," कर्नल खालमानेने म्हणाले आणि ओळ म्हणून दाखवली.

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "ती होय! अहो, तिथे काय करावं तेच सुचेना. जेवायची वेळ झालेली. म्हटलं, तूर्त वाट पाहू दे, जेवून आल्यावर नीट लिहू."

"मग?"

"मग जेवण जरा जास्त झालं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही रुजू झालात. ती ओळ पाहून तुम्ही असा काही भारावलेला चेहरा केलात, वर वहीत उतरवून घेतलीत. मग खरं सांगायची मला लाज वाटली."

कर्नलांनी कपाळावर हात मारला. मग दोघेही इतके हसले, की आतून सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

कर्नलांना तीन आठवडे लागले. आता थांब म्हटलं की क्लायंट थांबे, आणि फाइल मिळाली नाही असं सरळ सांगे. अर्धवट फाइल मात्र त्यांनी कुणाच्या हाती पडू दिली नाही. दहाव्या खेपेला तिचं एका शब्दाचं उत्तर आलं. 'घेतलं.'

"एवढंच?" बायको हिरमुसली. "एखादा शेरा तरी!"

चार महिन्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती आली. कर्नल सवयीने लवकर कचेरीत गेले, बाह्या सारल्या, चष्मा चढवला. कर्नेलच्या आत पुष्कळ उलथापालथ झाली होती. पण ती करणाऱ्या कुणा अनोळखी माणसानेच जाता जाता क्लायंटमध्येही लागेल तो बदल करून ठेवला होता. कर्नलांनी तो चुका शोधत तीनदा वाचला. एकही सापडली नाही. उलट दोन ठिकाणी त्यांच्यापेक्षा नेटकं होतं.

'पाहिलं. बरोबर आहे,' एवढं लिहून त्यांनी खाली आपलं नाव घातलं.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. करायला काहीच उरलं नव्हतं. कर्नलांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि तो कोड चौथ्यांदा, आता नुसताच, वाचायला घेतला.