जीभ कुणी सोडवली?

मी वेखंडाची कांडी बोलतेय. देवळाली प्रवऱ्यातल्या एका घरात, बाळघुटीच्या डब्यात राहते. शेजारी जायफळ, हळकुंड, मुरडशेंग. मध्यंतरी या घरच्या सुनेची, यामिनीची, झोप माझ्यामुळे उडाली होती. मला उगाळणं बंद केलं आणि तिची लेक मनवा पुन्हा गप्प झाली तर?

माझा जन्म ओल्या जमिनीतला. वाळले, दुकानात आले. दमयंतीबाईंनी मला मुलाच्या बारशाआधी विकत घेतलं. रोज सहाणेवर दोन वेढे, आणि तो बोलायला लागला. बहुतेक मुलं बोलतातच, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. मग कित्येक वर्षं पडून होते.

त्याची लेक मनवा साडेतीन वर्षांची झाली तरी बोलेना. तहान लागली की आईला माठाकडे ओढायची. राहुरीला वाचाउपचार करणाऱ्या धनश्रीताईंनी चित्रांची कार्डं दिली. मनवानं पाण्याचं चित्र द्यायचं, आईनं शब्दाची वाट बघत जरा थांबायचं, मग पाणी. त्याच दिवशी आजींनी, म्हणजे दमयंतीबाईंनी, मला मधात उगाळलं. महिन्याभरात पोर "पाणी" म्हणाली.

"वेखंडानं जीभ सुटली. आता राहुरीच्या खेपा पुरे," आजी म्हणाल्या.

यामिनीनं राहुरीला जाऊन हे धनश्रीताईंना सांगितलं. न जाणो, खरंच असेल.

धनश्रीताई हसल्या नाहीत. "दोन्ही एकदम सुरू केलंत. आधी किती बोलायची, ते मोजलंत?"

"नाही. काळजी मात्र रोज केली."

"मग आता एकच बंद करा, बाकी सगळं तसंच ठेवा. रोज जेवताना मोबाईलवर रेकॉर्ड करा. पण शब्द तुम्ही मोजू नका. तुम्हाला 'ऊं'सुद्धा 'पाणी' ऐकू येईल."

मोजायला शेजारची मोनिका. काय बंद, काय सुरू, तिला सांगितलं नव्हतं. "ह्ये 'ऊं' न्हाई धरत मी, वहिनी," ती म्हणायची, आणि यामिनीचा चेहरा पडायचा.

मी बंद. डब्यात कान लावून बसले. बाहेर पोर बोलली की मला धास्ती; गप्प राहिली की यामिनीला.

शब्द थांबले नाहीत. वाढलेच. यामिनी निकाल लावायला निघाली, तर ताई म्हणाल्या, "एवढ्यावर नको. योगायोगही असेल. वेखंड पुन्हा सुरू करून बघू. मग कार्डंही थोडे दिवस काढू." कार्डं काढायची म्हटल्यावर यामिनीनं ती छातीशी धरली. आजींना मात्र न्याय मिळाल्यासारखं झालं.

आज मी पुन्हा सहाणेवर आहे. झिजून नखाएवढी उरलेय. एकच विनंती आहे: घाईनं मला ओवाळू नका, घाईनं फेकूही नका. आधी नीट बघा.

मोबाईल सुरू आहे. आजींचं मधाचं बोट पुढे आलं. मनवानं ते बोट धरलं, आजींच्याच तोंडाकडे वळवलं आणि म्हणाली,

"कडू. तू खा."