वीसपैकी पाच

१. स्वतः उठून बसणे.

मदतनीस नाजमीनने तपासणीच्या तक्त्यातला पहिला प्रश्न वाचला तेव्हा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भिकुबाई कळण्याची भाकरी थापत होती. कोपरापर्यंत पीठ.

"अक्का, उठून दाखवा जरा."

"भाकर करपी जाई ना माय. लिख तू, म्हतारी उठस, बसस, भांडस बी!"

नाजमीन हसली, पण पेन उचलेना. वीसपैकी बाराच्या वर गुण मिळाले की म्हातारं माणूस धडधाकट ठरायचं. मग महिनाभरात त्याची रवानगी घरी. भिकुबाईचे सोळा होत होते.

"घरी पाठवतील अक्का. दोंडाईच्याला, मुलाकडे, अमृतभाऊंकडे."

पुढची भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"नको व माय. आंडोर आन वहू सकायमा कामले जातस. माले घरमा कोंडी कुलूप लावतस. पानी सरनं तं कोनाले मांगू? माले आठेच ऱ्हाऊ दे."

२. हातांची पकड.

तव्यावर भाकरी टम्म फुगली. नाजमीनने लिहिलं, मूठ वळत नाही.

३. चालणे. दोघींचा आधार लागतो.

४. करमणुकीत सहभाग. नाही.

एकेक गुण कापताना तिला हलकं वाटत गेलं. बाराच्या खाली सगळे सारखेच, अशी तिची समजूत. सहाच्या खाली काय होतं ते मदतनीस बायांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एकूण : ५.

शेरा (या रकान्यात कर्मचाऱ्यांनी काही लिहू नये).

सोमवारी भिकुबाईला वरच्या मजल्यावर नेलं. परावलंबी कक्ष. कठड्यांच्या खाटा, लंगोट, कमरेला पट्टा. पडू नये म्हणून.

"नाजमीन! माले कसाले बांधतस व? मी काय ढोर शे का?"

नाजमीन धावत व्यवस्थापकाकडे गेली. तेजस सर संगणकावरच बघत होते.

"सर, अक्का चालतात. शनिवारी वीस जणांच्या भाकरी केल्या त्यांनी."

"मग हे कोणी भरलं?"

"मीच."

"म्हणजे खोटं भरलं?" त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तसं लिहून द्या. त्यांना आजच खाली आणतो. तुमच्या जागी दुसरी बाई बघावी लागेल, एवढंच."

फैजपुरात तिचा नवरा हबीब पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरी होता. कागद पांढराशुभ्र होता. पंखा त्याचा एक कोपरा उचलत होता, सोडत होता.

"नाही सर. भरलंय ते बरोबर आहे."

५. हा प्रश्न तक्त्यात नाही.

पहिल्या आठवड्यात भिकुबाई ओरडली. दुसऱ्या आठवड्यात शिव्या दिल्या, अस्सल, सात पिढ्यांच्या. नाजमीनला बरं वाटायचं शिव्या ऐकून. तिसऱ्या आठवड्यात भिकुबाई भिंतीकडे तोंड करून निजली. पायांच्या काड्या झाल्या. बोटं आत वळली ती वळलीच.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. या वेळी नाजमीनने एकही खोटं अक्षर लिहिलं नाही. बेरीज चार.

"तुमचं निरीक्षण पक्कं आहे हं, नाजमीनताई," तेजस सर म्हणाले. "मागच्या वेळीच ओळखलं होतं तुम्ही."

ती वर गेली. जेवणाची वेळ झाली होती. तिने वाटीत वरणभात कालवला आणि खाटेचा कठडा खाली केला.

"अक्का."

भिकुबाईने मान वळवली नाही. चमचा वाटीला लागला, तेव्हा त्या आवाजावर, डोळे मिटलेलेच ठेवून, तिने तोंड उघडलं.