उष्टी तुरटी

मित्रांनो, पुढे वाचण्याआधी माझ्याबरोबर एक कल्पना करा. सकाळची वेळ आहे. तुम्ही दात घासायला गेलात, तर तुमचा ब्रश आधीच ओला! मामांनी त्याने दात घासले, मग काकांनी, मग रात्रीच्या गाडीने आलेल्या एका पाहुण्यांनी. त्यांतल्या कोणाच्या तरी हिरड्यांतून रक्त येत होतं. त्याचा तांबूस डाग ब्रशवर दिसतो आहे. आणि कोणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणतं, "घास रे, घरचीच तर माणसं!"

शी! तोंड वाकडं झालं ना? मग ते तसंच राहू द्या आणि माझी कहाणी ऐका. त्या ब्रशाची जी दशा, तीच माझी झाली.

मी तुरटीची कांडी. दाढी करताना कापलं, तर रक्त थांबवण्यासाठी लावतात ती. दिसायला खडूसारखी, पण खडूपेक्षा गुळगुळीत आणि किंचित पारदर्शक. कारखान्यात तुरटी तापवली की ती पाण्यासारखी पातळ होते. तशी ती बारीक साच्यात ओतली, थंड केली आणि माझा जन्म झाला. डोक्यावर घट्ट बसणारं टोपण मिळालं. बडोद्याच्या एका दुकानात काही दिवस काढल्यावर बळवंतरावांनी मला घरी नेलं.

बळवंतराव शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांचे वडील संस्थानच्या काळात मोठे अधिकारी होते. आता संस्थान नव्हतं आणि घरही साधंच, अलकापुरीच्या मागच्या बाजूचं. मुलगा लक्ष्मीकांत बाजव्याजवळच्या रिफायनरीत नोकरीला. त्याची मुलं दोन, नीरा आणि तिचा धाकटा भाऊ हेरंब.

बळवंतरावांनी मला फार चांगलं वागवलं. दाढी करताना कुठे कापलंच, तर ते आधी गार पाण्याने जखम धूत. मग माझं टोक पाण्यात जरासं बुडवून जखमेवर हलकेच टेकवत. मी झोंबत असे. ते "स्स्स" करत आणि नीरा हसत असे. रक्त थांबलं की गालावर राहिलेला पांढरा डाग ते धुऊन टाकत आणि मला स्वच्छ फडक्याने कोरडं पुसून टोपणात घालत. न्हाणीघरात मला कधीच ठेवलं नाही. तिथल्या ओलाव्याने मी मऊ पडते, झिजते. माझी जागा त्यांच्या कपाटात, चष्म्याच्या डबीशेजारी होती.

एकदा नीरानं विचारलं, "आजोबा, बाबांना कापलं तरी तुम्ही ही का देत नाही? कंजूस!"

"कंजूस नाही गं नीरू. तू हेरंबच्या ताटातलं उष्टं खातेस का?"

"ईऽऽ! तो शेंबडा आहे."

"मग? हिला माझं रक्त लागतं. म्हणजे ही माझी उष्टी. तुझ्या बाबांची वेगळी आहे."

"पण तुरटी तर पाणी शुद्ध करते ना? पावसाळ्यात आई माठात फिरवते ती!"

आजोबांनी तांब्यात गढूळ पाणी आणलं आणि त्यात तुरटीचा खडा फिरवला. दुपारी नीराला बोलावून तांब्या दाखवला. वर नितळ पाणी, तळाला चिखल.

"गाळ गेला कुठे?" त्यांनी विचारलं.

"खाली बसलाय."

"म्हणजे गेला का?"

"नाही. आहेच की!"

"हं. एवढं लक्षात ठेव."

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. मग वैशाखात हेरंबची मुंज ठरली.

या घराचा एक जुना रिवाज होता. मंगलकार्याच्या सकाळी घरातल्या आणि पाहुण्यांतल्या सगळ्या पुरुषांनी व्हरांड्यात एकत्र बसून दाढी करायची. मध्ये बळवंतरावांच्या वडिलांची पितळी वाटी, तिच्यात कढत पाणी. वाटी एकच, ब्रश एकच. ते अधिकारी असताना कारकुनापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना त्याच वाटीला बसवत, कोणाला वेगळं मानत नसत. म्हणून याला घरात अभिमानाने 'एका वाटीची दाढी' म्हणत. मनातला हेतू चांगलाच होता, मित्रांनो. पण वाटीतल्या पाण्याला हेतू दिसत नाही.

त्या सकाळी सावली गावाहून नीराचे बाळकृष्णमामा आले होते. थोड्याच महिन्यांपूर्वी ते काविळीतून उठले होते. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे त्यांनी स्वतःचा वस्तरा आणि ब्रश आणला होता. वाटीलाही ते शिवले नाहीत, मगात वेगळं पाणी घेऊन कडेला बसले. मला त्यांचा आदर वाटला. पण गप्पांच्या नादात त्यांची हनुवटी कापली.

"बळवंतराव, तुरटी आहे का हो?"

कपाट उघडलं. बळवंतरावांनी मला हातात घेतलं आणि ते थबकले. व्हरांड्यातून गोविंदराव हसत ओरडले, "अहो, द्या की! की जपून ठेवलीय आमच्यापासून?" गोविंदराव म्हणजे घरचे जावई, नीराच्या आत्याचे यजमान. जावयासमोर, सुनेच्या भावाला, मुंजीच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? बळवंतरावांनी मला देऊन टाकलं. कोपऱ्यात उभी असलेली नीरा आजोबांकडे बघतच राहिली.

पुढचं सांगताना मला अजून शिसारी येते. मामांचं रक्त माझ्या टोकाला चिकटलं. ते वाळायच्या आत गोविंदरावांनी मला उचललं आणि आपल्या मानेवर घासलं. नीट टेकवलंसुद्धा नाही, खडूने फळा रंगवावा तसं घासलं! मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. कोणी मला वाटीतच बुचकळलं. त्या पाण्यावर फेसाची साय होती, सायीत काळेपांढरे केस होते, आणि ते सगळं माझ्या अंगाला लपेटून वर आलं. कोणी पुसलं नाही. टोपण कुठे घरंगळलं, कोणी पाहिलं नाही. शेवटी मला साबणाच्या डबीत टाकलं, तळाच्या बुळबुळीत चिखलात. माझं टोक भिजून लिबलिबीत झालं. त्यावर गुलाबी ओघळ, ओघळात एक आखूड जाड केस. मला माझीच किळस आली.

आणि हे कोणतं घर? जिथे स्वयंपाकघरात त्या दिवशी आंघोळीशिवाय पाऊल टाकायची बंदी होती. जिथे चमचा ओठांना लागला तर तो पातेल्यात घालत नसत. ज्या घरात उष्टं वरण चालत नव्हतं, त्याच घरात उष्टं रक्त मजेत चाललं होतं!

थोड्या वेळाने हेरंबचं आईबरोबर जेवण झालं आणि त्याला अंगणात पाटावर बसवलं. नेहमीचे न्हावी कांतिभाई नवं पातं घालून त्याचं डोकं भादरू लागले.

"हालतो नहीं, दिकरा. डाह्यो दिकरो ने?" शहाण्या बाळा, हलू नकोस, असं ते गुजरातीत समजावत होते.

"गुदगुल्या होतात!" म्हणत हेरंबनं मान उडवली आणि कानामागे पात्याची धार लागली. रक्ताची रेघ मानेवर उतरली. हेरंबनं भोकाड पसरलं. त्याची आई मंदाकिनी धावली. "अगं बाई! किती आलं हे!"

"कंई नथी, कंई नथी," कांतिभाई पिशवी चाचपत म्हणाले, "पण मारी फटकडी दुकाने रही गई."

फटकडी म्हणजे तुरटीच, ती दुकानात राहिली होती. गोविंदरावांनी फर्मान सोडलं, "नीरा, पळ! ती कांडी आण. साबणाच्या डबीत आहे बघ."

आतून गुरुजींची हाक आली, "बटूला आणा, मुहूर्त टळेल!"

नीरा धावत व्हरांड्यात आली. मला पाहिलं आणि तिचा हात मागे गेला. मी मनातल्या मनात विनवत होते, "नको गं बाळ, मला नेऊ नकोस. त्याच्या उघड्या जखमेवर मला टेकवू नकोस." पण कांडीला कुठला आवाज? नीरानं वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, त्याच्या चिमटीत मला धरलं आणि अंगणात नेलं.

गोविंदरावांनी हात पुढे केला. नीरानं मला पाठीमागे लपवलं.

"काका, ही उष्टी आहे."

सगळे हसले. गोविंदराव म्हणाले, "अगं वेडे, तुरटी कधी उष्टी होते का? तिला कसला विटाळ! ती तर पाणी शुद्ध करते."

"पाण्यातला गाळ खाली बसतो. जात नाही," नीरा म्हणाली. "हिच्यावरचा तर खालीसुद्धा बसला नाही. बघा ना." आणि तिनं कागद पुढे धरला.

भर उन्हात मी सगळ्यांना दिसले. फेस, केस, गुलाबी ओघळ. कोणीतरी तोंड फिरवलं.

बाळकृष्णमामांचा चेहरा पडला. ते पुढे आले. "थांबा. मी लावली होती ती सकाळी. पहिल्यांदा मीच. माझी कावीळ रक्तातून पसरणारी होती. डॉक्टरांनी वस्तरा वेगळा ठेवा म्हटलं, तो ठेवला. तुरटीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

गोविंदरावांचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला. ते हसायचे थांबले.

"गोविंदराव, ज्यांनी ज्यांनी ती लावली, ते सगळे उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," मामा म्हणाले. "मी येतो बरोबर."

बळवंतरावांनी मुंजीसाठी आणलेल्या कोऱ्या पंच्यांतला एक उचलला, त्याची घडी हेरंबच्या कानामागे ठेवली आणि तळहाताने घट्ट दाबून धरली. "रड, पण हलू नकोस," ते म्हणाले. गुरुजी पुन्हा ओरडले. "थांबेल मुहूर्त," बळवंतराव शांतपणे म्हणाले. थोड्या वेळाने घडी उचलली, तर रक्त थांबलं होतं. माझी गरजच नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, की आम्हाला फेकू नका. मी उलटं सांगते. मला एकाच माणसानं वापरावं. कोरडं पुसून, टोपण लावून, ओलाव्यापासून दूर ठेवावं. तसं केलंत तर मी वर्षानुवर्षं इमानानं काम करीन. पण एकदा का मी दुसऱ्याच्या रक्ताला लागले, तर धुऊन, पुसून, 'चालतंय' म्हणून मला परत कपाटात ठेवू नका. खुशाल फेका. आणि मागणारा कितीही जवळचा असला, तरी 'ही माझी आहे, तुम्हाला नवी देतो' म्हणायला लाजू नका. आदरातिथ्य त्यानं कमी होत नाही.

नीरानं मला त्याच कागदात गुंडाळलं आणि व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला हलकं वाटलं. कागदाच्या फटीतून मला बाहेरचं दिसत होतं. तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग ती व्हरांड्याच्या मध्यावर गेली. तिथे पणजोबांची पितळी वाटी अजून तशीच होती, गार झालेल्या फेसाळ पाण्याने भरलेली. सगळे पुरुष दारात येऊन उभे राहिले. गोविंदराव काही म्हणणार होते, पण बळवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

नीरानं वाटी दोन्ही हातांनी उचलली, मोरीपर्यंत नेली आणि सगळं पाणी ओतून दिलं. वाटी राखेनं घासली, धुतली, आणि उन्हात उपडी घातली.