दोन खाचा खाली

बद्रुद्दीनभाईंनी तीन वर्षं एक लबाडी केली, आणि ती इतकी बेमालूम केली की शेवटी त्यांच्याच अंगाशी आली. पैशाअडक्याची लबाडी नव्हे हो. तसलं काही त्यांना जमलं असतं तर लोणावळ्याच्या बाजारात घड्याळदुरुस्तीच्या त्या खोकेवजा दुकानात पस्तीस वर्षं कशाला काढली असती? त्यांची लबाडी सुरांची होती.

'ज्योत्स्नाबाई औंढेकर आणि पार्टी' हे नाव ज्याने ऐकलं नाही तो मावळात कालपरवा राहायला आला असणार. बाई औंढ्याच्या. गाणी स्वतः रचायच्या, चाल स्वतः लावायच्या. भातलावणीवर, सासूवर, बंगलेवाल्यांच्या लाडावलेल्या कुत्र्यावर, सापडेल त्यावर गाणं. पार्टीत चौघं. बाई, पेटीवर गेली सत्तावीस वर्षं बद्रुद्दीनभाई, ढोलकीवर सुदुंबऱ्याचा महिपती, जो आठवडाभर कंपनीत पत्रे कापतो, आणि गिटारवर सारिका, जी एका हॉटेलात रिसेप्शनला बसते. गिटार आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता सारिका दिसली नाही की तेच लोक विचारतात, पोरगी कुठंय म्हणून.

बाईंचं नाव झालं ते 'फाटकवाल्या दादा'वर. औंढ्याची बाई लोणावळ्यात दूध घालायला निघते, रेल्वेचं फाटक पडलेलं असतं, मालगाडी काही संपत नाही आणि उन्हानं किटली तापायला लागते.

फाटकवाल्या दादा रं, गाडी तुजी लांब,
दूध माजं तापलं, कसं म्हनू थांब.

त्यातला 'दादा' वर जातो आणि वरच राहतो, मालगाडीचे डबे मोजून व्हावेत इतका वेळ. बाकीचं गाणं लोक गप्पा मारत ऐकतील, पण 'दादा' आला की मोबाइल वर होतात. तिसाव्या वर्षीही तेच.

तीन वर्षांपूर्वी बेगडेवाडीला तो 'दादा' फाटला. गणपतीचा कार्यक्रम होता, लोकांनी मनावर घेतलं नाही, टाळ्या पडायच्या तेवढ्या पडल्या. पण बाईंनी घेतलं. परतीच्या जीपमधून औंढ्याच्या फाट्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, "भाई, अजून एकदा असं झालं तर माजं गानं बंद. त्याच्यानंतर सुपारी घ्यायची न्हाई, सांगून ठिवते."

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. भाई त्या रात्री झोपले नाहीत. आणि पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी तो उद्योग केला.

त्यांची पेटी स्केलचेंजर. म्हणजे पट्ट्यांचा अख्खा पाट उचलून एक खाच सरकवला की बोटं पडतात त्याच पट्ट्यांवर, पण सूर निघतो तो अर्धं घर, म्हणजे अर्धा स्वर, खालचा. बाई शाळेत जाऊन गाणं शिकलेल्या नव्हत्या. "भाई, द्या सूर," म्हणायच्या, भाईंचं बोट काळी पाच या आपल्या नेहमीच्या पट्टीवर पडलेलं बघायच्या आणि सुरू व्हायच्या. तेव्हा भाईंनी खाच सरकवली, ती दिसू नये म्हणून पेटीवर जुनी शाल टाकली, महिपतीनं ढोलकीचा सूर उतरवला, सारिकानं तारा सैल केल्या. तिघं चोर आणि एक पेटी. त्या दिवशी 'दादा' असा लागला की मंडपातली कुत्रीसुद्धा गप्प झाली.

आता एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण नेमका त्याच आठवड्यात बाईंनी शेजारच्या कस्तुराबाईंचा काढा सुरू केला होता. अडुळसा, ज्येष्ठमध आणि आणखी काय काय, कडू जहर. सगळं श्रेय काढ्याला गेलं. "पन्नाशी उलटल्यावर माजा आवाज पंचविशीचा झालाय," असं बाई ज्याला त्याला सांगू लागल्या, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलंही. निम्म्या मावळातल्या भजनी मंडळांच्या बायका नाक दाबून तो काढा पिऊ लागल्या. भाईंनाही दर महिन्याला एक बाटली यायची. ते ती मुकाट्यानं प्यायचे. आपल्या पापाची शिक्षा म्हणून प्यायचे, असं म्हटलं तरी चालेल.

वर्षभरानं 'दादा' पुन्हा ओढूनताणून लागू लागला, तेव्हा भाईंनी दुसरी खाच सरकवली.

मग आला पार्टीच्या तीस वर्षांचा सोहळा. लोणावळ्यातच, शनिवारी संध्याकाळी, मोठ्या हॉलमध्ये. पुण्याहून स्वराज नावाचा मुलगा येणार होता, संगीत संयोजक. त्यानं जुन्या कॅसेटवरून 'फाटकवाल्या दादा'चा ट्रॅक तयार केला होता, मूळच्या काळी पाचमध्ये, मागे व्हायोलिनबियोलिन सगळं. त्याच्यावर बाईंनी गायचं. "आवाज झेपेल ना, मावशी?" त्यानं फोनवर अदबीनं विचारलं. बाईंना राग आला. "झेपंल का म्हंजे? त्याच पट्टीत पायजे. अर्धं घर बी खाली नको."

हे कळल्यावर भाईंच्या तोंडचं पाणी पळालं. भरल्या हॉलमध्ये, तीस वर्षांच्या सोहळ्याला, बाई दोन खाचा वर गाणार. 'दादा' फाटणार. आणि त्या स्टेजवरून उतरल्या की पुन्हा कधी चढणार नाहीत. सांगावं, तर तीन वर्षांचा अभिमान एका वाक्यात मातीत. सत्तावीस वर्षांची सोबत जाईल ती वेगळीच.

"तुमीच सांगा," महिपती म्हणाला. "खाच तुमी सरकावलीया. माजी सेकंड शिफ्ट हाय."

सारिकाची तर म्हणे आठवडाभर ड्युटीच होती. घरात बायको, उम्मेहानी, भांडी घासता घासता म्हणाली, "तीन वर्षं सांगतेय. आता तरी जा." मग गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून भाईंनी स्कूटर औंढ्याकडे वळवली. वाटेत दोनदा उगाच थांबले. एकदा तर थांबून चाकात हवा भरली, ती आधीच भरलेली होती.

बाईंचं दार लोटलेलं. भरदिवसा त्यांचं दार कधी लोटलेलं नसायचं. आत बाई जमिनीवर बसल्या होत्या, गळ्याला मफलर, समोर मोबाइल आणि छोटा स्पीकर. चूल थंड. चहाचंही विचारलं नाही. भाईंना वाटलं, कळलं यांना. कुणीतरी आधीच सांगितलं.

"बरं झालं आलात," बाई अगदी हळू म्हणाल्या. "मीच फोन करनार व्हते. तुमास्नी एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय."

"मग आदी तुमी."

भाई बसले नाहीत. उभ्यानंच, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, त्यांनी सांगून टाकलं. बेगडेवाडी, खाच, शाल, महिपतीची ढोलकी, सारिकाच्या तारा, मग दुसरी खाच. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता हिनं चप्पल जरी हातात घेतली तरी आपण हलायचं नाही.

"किती खाचा?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"म्हंजे मी काळी पाचात गातच न्हाई."

"नाही, बाई. काळी चारात. दोन वर्षं झाली."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. सत्तावीस वर्षांत त्यांनी या बाईला रडताना पाहिलं नव्हतं, आणि रडवलं कुणी, तर आपण. भाई खाली बसले. मग बाईंनी हात काढले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं खरं, पण बाई हसत होत्या. हसू आवरत नव्हतं, पदर तोंडात धरला तरी आवरत नव्हतं.

"मी मराया टेकले व्हते, भाई," त्या म्हणाल्या. "आन तुमी म्हनता, दोन खाचा."

मग सगळं बाहेर आलं. काल संध्याकाळी स्वराजनं ट्रॅक पाठवला. आज सकाळपासून बाईंनी अकरा वेळा 'दादा' लावून पाहिला, अकराही वेळा फाटला. रविवारी तळेगावात तर लागला होता. चार दिवसांत असं काय झालं? बाईंच्या येसूमावशीला गळ्यात गाठ झाली होती, तिचाही आवाजच आधी गेला होता. तेव्हा हेच ते, असं बाईंनी नक्की करून टाकलं. उद्या अकराला मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. सोहळा रद्द करायला सांगायचं ठरवलं. एवढंच नाही, कुठली साडी कुणाला द्यायची तेही एका कागदावर लिहून ठेवलं होतं.

"सारिकाला जांभळी लिवलीया," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता घंटा देते तिला."

छातीवर तीन वर्षं बसलेला धोंडा कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं भाईंना झालं, आणि गंमत म्हणजे उचलणारी तीच, जिच्या भीतीनं तो बसला होता. त्यांना एकदम भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे आत्ता आठवलं.

बाईंनी चूल पेटवली. भाकरी थापता थापता मात्र त्यांना राग आठवला, आणि तो राग काही खोटा नव्हता.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही गाणं बंद करणार होता."

बाईंचा हात थांबला. "व्हय," त्या म्हणाल्या. "केलं असतं." भाकरी तव्यावर टाकली. "तरी सांगायचं. तीन वर्स त्यो कडू काढा ढोसलाय मी. अर्ध्या तालुक्याला पाजलाय. त्या बायका माजं काय करतील, ठावं हाय का तुमाला?" असं म्हणून त्यांनी फळीवरची भरलेली बाटली काढली आणि भाईंच्या ताटाशेजारी ठेवली. "ही संपवूनच उठायचं."

भाईंनी संपवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो काढा त्यांना बरा लागला, हे मात्र त्यांनी बाईंना सांगितलं नाही. शुक्रवारी बाई दवाखान्यात जाऊनच आल्या, लावलेला नंबर कशाला फुकट घालवा म्हणून. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, गळा उत्तम आहे, वयाप्रमाणे आहे.

शनिवारी हॉल भरला. पाच-सहा गाणी झाली. मग स्वराज ट्रॅक लावायला वाकला, तर बाईंनी माइकवरच सांगितलं, "बाळा, ऱ्हाऊ दे. माजी मानसं हायेत." आणि लोकांकडे वळून त्यांनी सगळी हकिकत सांगून टाकली, खाच, शाल, काढा, साडीचा कागदसुद्धा. हॉल खदाखदा हसला. भजनी मंडळाच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मग काढा प्यायचा का न्हाई?" बाई म्हणाल्या, "खोकल्याला चालतोय."

भाई पेटीमागे मान खाली घालून बसले होते. बाई त्यांच्यापाशी आल्या, पेटीवरची शाल उचलली, झटकली आणि भाईंच्या खांद्यांवर घातली.

"ही तीन वर्स चुकीच्या जागी व्हती," त्या म्हणाल्या. टाळ्या थांबेनात. त्या गोंधळात बाई खाली वाकल्या आणि फक्त भाईंना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अजून एक खाच खाली घ्या. आइतवारी बी लय ओढून लावला व्हता. लाजंखातर बोलले न्हाई."

भाईंनी सगळ्यांसमोर पाट उचलला आणि सरकवला. खट् असा आवाज झाला, तो पहिल्या रांगेपर्यंत गेला. महिपतीनं उघडपणे ढोलकीचा सूर उतरवला, सारिकानं उघडपणे तारा सैल केल्या.

"भाई, द्या सूर," बाई म्हणाल्या.

डोळ्यांत पाणी आल्यामुळे भाईंना पट्ट्या नीट दिसत नव्हत्या. पण बोटं त्याच पट्ट्यांवर पडली.