बोयाच्या पलीकडे

"होडी कुठे होती, ठेवून दाखवा," पंचबाई म्हणाल्या.

टेबलावर बोटभर लांबीच्या लाकडी होड्या होत्या. तांबडी आमची. पांढरी कंपाउंडरकाकांची, ती आडवी ठेवलेली. बोया, म्हणजे वळसा घालायची पाण्यावरची तरंगती खूण, म्हणून बाटलीचं बूच. शर्यतीबद्दलच्या सुनावणीत सगळं असंच हलवून दाखवायचं असतं. दादाने तांबडी होडी बुचाच्या अलीकडे ठेवली आणि तिचं तोंड पांढरीकडे केलं.

"काकांचा हात दिसला आणि आम्ही इथूनच वळलो," तो म्हणाला. "शर्यत सोडली. पोचलो तोवर त्यांची होडी पुरती उलटली होती. काका शिडाखाली."

काकांना जाऊन सहा दिवस झाले होते.

नियम असा, की कुणाच्या मदतीसाठी शर्यत सोडली, तर गेलेले गुण भरून मिळतात. मात्र अर्ज करावा लागतो. दादाने तो केला होता. ते गुण मिळाले की हंगामाचा पहिला नंबर त्याचा, आणि मोठ्या स्पर्धेला क्लबकडून तोच जाणार. एकोणीस वर्षं तो याची वाट बघत होता. गुडघे गेलेले, पुढचा हंगाम काही त्याला झेपणारा नव्हता. त्याने अर्जच केला नसता, तर कुणी काही विचारलंही नसतं.

मी त्याची धाकटी बहीण. क्लबच्या खोलीत फाटकी शिडं शिवते आणि शर्यतीला त्याच्या होडीत पुढचं शीड सांभाळते. घरात आणि होडीत, दोन्हीकडे ऐकून घ्यायचं काम माझं.

आमच्या शर्यतीत पाण्यावर शिट्टी फुंकणारा कुणी नसतो. चुकलात, तर आपणच होडी गोल फिरवून शिक्षा घ्यायची. एकदा आमची होडी बोयाला जेमतेम घासली होती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. दादाने गोल फिरून पहिला नंबर घालवला. त्या दिवशी मी त्याच्यावर चडफडले होते आणि आतून माझा ऊर भरून आला होता. तोच दादा आता बुचाच्या अलीकडे बोट टेकवून बसला होता, ते मला बघवेना.

पंचबाई दातांच्या डॉक्टर. "दुखत नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास न ठेवण्यात त्यांची हयात गेलेली. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्हीही होडीत होतात. इथेच होती?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तर संपलं असतं. मी तांबडी होडी उचलली, बुचाला वळसा घातला आणि पलीकडे ठेवली.

"इथून वळलो. हात दिसला तेव्हा बोया अगदी समोर होता. दादा म्हणाला, आधी बोया घे. मी 'दादा, हात' एवढंच म्हणाले, तेही हळू. आणि बोयाला वळसा घालायला शिडाचा दोर ओढला. माघारी वळेपर्यंत दीड मिनिट गेलं."

"दोर तुम्ही ओढलात?"

"मीच. तो माझ्याकडेच असतो."

बाहेर आल्यावर दादा भिंतीला टेकला. "मला वाटलं, काका सहज हात करतायत. खरंच वाटलं गं."

"मग आत तसं सांगायचं होतंस."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. वहिनी फोन उचलते आणि ते झोपलेत म्हणून सांगते, सकाळी अकरा वाजता.

काय घडलं ते पंच लिहून फलकावर लावतात. अर्ज फेटाळला, शिवाय संकटातल्या माणसाला ताबडतोब मदत न केल्याबद्दल आमची होडी बाद. चार ओळी, त्यात ते दीड मिनिट. सुनावणीत मला फक्त दादा दिसत होता. हे काकूही वाचतील, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. काका गेले त्या दिवशी याच काकूंनी दादाचे हात धरले होते. "तुम्ही तरी धावलात," म्हणाल्या होत्या.

सोमवारी त्या काकांचं शीड न्यायला आल्या. मी घडी करून दिलं. ते मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसल्या.

"फलकावर दीड मिनिट लिहिलंय."

"हो, काकू."

"कुणी मोजलं?"

"मी. शर्यतीत वेळ सांगायचं काम माझं असतं."

"दीड मिनिट म्हणजे किती गं? नुसतं वाचून काही कळत नाही. लाव बघू घड्याळ."

"नको, काकू."

"लाव."

मी मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं. वर पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी दोघं होडी ओढत उतारावरून वर आली, मध्येच थांबली, कशावरून तरी हसली आणि पुढे गेली. काकूंचे हात शिडावर होते. लाज वाटत होती, ती सांगता येईना.

"झालं?" काकूंनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं.

"नाही, काकू. अजून निम्मंही नाही."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी बसून राहिलो.