रंगाचा चौथा हात

"आजोबा, इट्स नॉट स्टिकिंग!" सात वर्षांच्या आसावरीने लोहचुंबक पुन्हा भिंतीवर दाबला आणि तो पुन्हा टपकन खाली पडला.

त्र्यंबकराव भिंतीकडे पाहतच राहिले. रंग कसा गुळगुळीत, एकसारखा लागला होता. दोष काढायला जागा नव्हती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा हेडक्लार्क नागपूरहून अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडे आला, त्याला सहा महिने होत आले होते. भाजी आणायला निघावं तर दुकान हायवेपलीकडे, भांडी घासावीत तर त्याला मशीन. "बाबा, तुम्ही आराम करा," हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. म्हणून निमिषने लेकीची चित्रं लावायला चुंबक धरून ठेवणारा रंग आणला, तेव्हा त्यांनी डबा जवळजवळ हिसकावूनच घेतला. सोमवारी विमान होतं. जाण्याआधी या घरात आपल्या हातचं एक तरी काम राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"बाबा, डब्यावरच्या इन्स्ट्रक्शन्स वाचल्या होत्या ना?" निमिषने विचारलं.

"मला शिकवतो का बे रंग द्यायला? तीस दिवाळ्या घराला चुना मीच मारला," त्र्यंबकराव उसळले. "बरं झालं मी गाळून घेतला. तुमच्या अमेरिकेतही भेसळ आहे बाप्पा! तळाला नुसती काळी रेती. सगळी फेकून दिली."

"गाळला? कशातून?"

"शुभाच्या जुन्या ओढणीतून. तिला विचारूनच घेतली."

"बाबा, ती रेती नव्हती. लोखंडाचा भुगा होता. चुंबक त्यालाच तर चिकटतो!"

दारात उभ्या असलेल्या सुनेने, शुभाने, हसू लपवायला तोंड फिरवलं. आसावरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्र्यंबकरावांना मात्र रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. डाळ फेकून नुसतं पाणी वाढावं, तसं आपण केलं. एक काम मिळालं, तेही धड जमलं नाही.

"पेंटर बोलाव," एवढंच म्हणून ते बॅग भरायला गेले.

रविवारी सकाळी निमिष नवा डबा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"चला बाबा. हा भुगा सारखा खाली बसतो. एकाने ढवळत राहायचं, एकाने रंग द्यायचा. मला एकट्याला नाही जमणार."

मग दिवसभर मुलगा उकिडवा बसून ढवळत होता आणि बाप रंग देत होता. एक हात वाळेपर्यंत दोघं जमिनीवरच बसून चहा पीत. सहा महिन्यांत झालं नाही एवढं बोलणं त्या एका दिवसात झालं. निमिषचा फोन दोनदा वाजला, त्याने तो घेतला नाही.

तिसरा हात वाळला. आसावरीने चुंबक लावला आणि तो ठक्कन बसला. तिने ओढून पाहिला, पुन्हा लावला, आणि आईला दाखवायला ओरडत खाली पळाली.

निमिष काठी हातात धरून तसाच बसला होता.

"बाबा, अजून एक हात लागेल, नाही?"

भिंतीला आता कशाचीच गरज नव्हती, हे त्र्यंबकरावांना दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट न्याहाळली.

"लागेल," ते म्हणाले, आणि निमिष पुन्हा ढवळू लागला.