पाच मणी कमी

आमच्या वर्गात माझा हात प्रसिद्ध आहे. कुणाची चेन लांब होते, कुणाची माळ गळ्याला काचते, सगळ्या येतात माझ्याकडे. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर माझं दुकान लागतं. बारीक पक्कड, सुई, नायलॉनचा दोरा, सगळं कंपासपेटीत. तीन महिन्यांत मी अकरा माळा आखूड केल्या, चार वाढवल्या आणि एक तोडली, पण तिला आम्ही मोजत नाही. मैत्रिणी म्हणतात, "डॉक्टर, माझी केस घ्या ना," आणि मी नुसता हात पुढे करते. भाव खायचाच तर पोटभर खावा.

म्हणूनच आत्याच्या माळेला हात लावताना मला जराही भीती वाटली नाही. उलट मजा वाटत होती, हे आधीच कबूल करून टाकते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहते आणि पुढच्या खोलीत शिवणाचं काम करते. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि आरशाशेजारी एक खिळा. आंघोळीला जाताना ती गळ्यातली माळ त्या खिळ्याला अडकवून जाते. लाकडी मणी आणि मध्ये एक मोठा निळा. माळ भलतीच लांब. आत्या मशीनवर वाकली की निळा मणी सुईशी गप्पा मारायला जातो. एकदा तर माळ चाकात गेली आणि आत्याची मान अशी खाली खेचली गेली की माझ्या हातातली वही पडली.

"आत्या, आखूड करून देते. दहा मिनिटांचं काम."

"हिला हात लावायचा नाही, भिंगरे." भिंगरी म्हणजे मी. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे कारण काही बाहेर आलं नाही.

मी कारण आपलं आपणच ठरवलं. हिचा माझ्यावर विश्वास नाही. ठीक आहे, दाखवतेच.

रविवारी ती आंघोळीला गेली आणि मी कामाला लागले. हुकाकडची गाठ सोडली, पाच मणी उतरवले, नवी गाठ मारून दोऱ्याचं टोक पोळवलं. गाठ मागे केसांखाली, कुणाला दिसायची नाही. पाच मणी कंपासपेटीत. आत्या बाहेर आली, माळ घातली, मान डावीउजवीकडे फिरवली.

"आज मान हलकी वाटतेय गं."

"केस धुतलेस ना," मी म्हटलं आणि गालातल्या गालात हसले. तिच्या लक्षात येईल, ती विचारेल, मग मी मिरवेन, असा बेत होता. ती विचारेपर्यंत मी काही बोलणार नव्हते.

त्या आठवड्यात तिच्याकडे आमच्या शाळेच्या गाण्याच्या ग्रुपचे बारा ड्रेस होते. मापं रविवारच्या आधीच घेऊन झालेली. मापं घेताना ती प्रत्येक मुलीच्या गळ्यात आपली माळ घालायची आणि विचारायची, "निळा इथे येतोय. गळा इथपर्यंत हवा, की दोन बोटं वर?" मग वहीत काहीतरी लिहायची. मला वाटायचं, मुली चुळबुळ करू नयेत म्हणून त्यांना रमवतेय. कपडे ती सकाळी कापते, तेव्हा मी शाळेत असते. वर्षानुवर्षं त्याच खोलीत नाश्ता करून मला हे ठाऊक नव्हतं, की आत्या गळ्याचं माप टेपनं घेतच नाही; कापतानाही तीच माळ कापडावर ठेवते.

गुरुवारी संध्याकाळी ड्रेस घालून बघायला सगळ्या जणी गाण्याच्या बाईंबरोबर आल्या. पहिली टिवटिव. ही माझी मैत्रीण, झोपेतसुद्धा बोलते. तिनं ड्रेस डोक्यातून घातला आणि अर्ध्यातच थांबली.

"मी अडकले! आत फार अंधार आहे! कुणीतरी चहा पाठवा!"

सगळ्या खो खो हसल्या, आत्यासुद्धा. दुसरीचं डोकं अडकलं तेव्हाही हसल्या. तिसरीच्या वेळी आत्या हसायची थांबली. तिनं वही उघडली, गळ्यातली माळ काढून ड्रेसवर ठेवली आणि बोटानं मोजलं. "निळ्याच्या दोन बोटं वर. बरोबर तर आहे." पुन्हा मोजलं. "कापलंय बरोबर. म्हणजे मापं घेतानाच माझी नजर चुकली."

आत्ता मला कळलं. माळ स्वतःच आखूड झालेली. तिनं शंभर वेळा मोजलं असतं तरी बरोबरच आलं असतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बारा मुली होत्या, बाई होत्या. म्हटलं, या गेल्या की सांगू. त्या गेल्यावर आत्या तोंड असं एवढंसं करून बसली, की म्हटलं जरा शांत होऊ दे. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ताई, वय झालं तुझं, आता पेन्शन घे." एरवी आत्यानं त्यांची अशी खरडपट्टी काढली असती की शेजारचे ऐकायला आले असते. ती फक्त "हं" म्हणाली. मी दोन घासांत जेवण उरकलं.

शुक्रवारी तिला डोळे तपासायला जायचं होतं. "चल गं सोबत, मला एकटीला भीती वाटते." मी गेले. डॉक्टरांनी तिला बारीक अक्षरं वाचायला लावली, तिनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. तिचा चेहरा आणखीच उतरला. घरी येताना मला विचारते, "भिंगरे, खरं सांग, मी हल्ली विसरते का गं?"

"नाही गं," मी म्हटलं. माझ्या दप्तरात कंपासपेटी खुळखुळत होती. मी दप्तर पोटाशी घट्ट धरून चालले.

शनिवारी दुपारी तिनं सगळे ड्रेस घडी करून टेबलावर रचले. "बाई पाचला येतील. दुसऱ्या शिंप्याकडे देतो म्हणाल्या. बरंच झालं." मग तिनं मशीनवर जुनी चादर टाकली आणि चारही बाजूंनी नीट खोचली. आम्ही गावाला जाताना सोफ्यावर घालतो, तशी.

मी कंपासपेटी टेबलावर उलटी केली. चार मणी थांबले, एक घरंगळत मशीनखाली गेला.

"हे काय?"

"तुझे. माळेतले. मी काढले."

तिनं हात मागे नेला, केसांखालची गाठ चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली.

"कधी?"

"रविवारी."

"गुरुवारी तू इथेच उभी होतीस."

"हो."

"आणि काल डॉक्टरकडे माझ्यासोबत कोण होतं?"

"मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, तर म्हणाली, "ते नंतर." तेवढ्यात बेल वाजली. "दार उघड आणि काय केलंस ते बाईंना तू सांग. मी एक शब्द बोलणार नाही."

मी सांगितलं. चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग घडी केलेल्या ड्रेसकडे. आत्यानं मशीनवरची चादर ओढून काढली.

"परवा या," ती म्हणाली. "गळे खाली उतरवून देते. कापड कुठेही न्यायचं नाही."

बाराच्या बारा गळपट्ट्या मी उसवल्या. बोटांची टोकं सोलवटली, पण ते सांगण्यात काही अर्थ नाही. पाचवा मणी मीच मशीनखालून पोटावर सरपटत काढून दिला. माळ मात्र तिनं मला ओवू दिली नाही. स्वतः ओवली, स्वतः गाठ मारली. गाठ चक्क ढिली होती. मी बघत राहिले आणि तोंड मिटून ठेवलं.

कार्यक्रम छान झाला. टिवटिवीचं डोकं सुखरूप बाहेर आलं. आत्या पुन्हा मला भिंगरे म्हणते, बाबांची खरडपट्टीही जोरात चालू आहे.

फक्त आंघोळीला जाताना ती माळ खिळ्याला अडकवत नाही. आत घेऊन जाते. लाकडी मणी पाण्यानं फुगतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.